ऑफिसच्या ॲड्रेस बुकमध्ये कुणाचं काय दिसावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंधेरी पूर्वेला आमचं ऑफिस आहे. एकाच मालकांच्या चार कंपन्या, मेल सिस्टिम मात्र एकच, आणि ती सांभाळणारे आम्ही तिघं. फोर्टमधलं जुनं ऑफिस, विक्रोळीचं युनिट, भिवंडीचं गोडाउन, सगळ्यांचे मेलबॉक्स इथूनच चालतात. ॲड्रेस बुक, म्हणजेच डिरेक्टरी, ही याच सिस्टिममधली सगळ्यांच्या नाव-नंबरांची यादी. पासवर्ड विसरण्याखालोखाल आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारा प्रश्न एकच: "माझा नंबर सगळ्यांना कसा काय दिसतो?" त्याची आणि त्याला चिकटून येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे लिहिली आहेत. काही सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी आहेत, काही माझ्यासारखं ॲडमिनचं काम करणाऱ्यांसाठी.

माझा मोबाइल नंबर बाकीच्यांना दिसतोय का, हे कसं तपासायचं?

स्वतःच्या लॉगिनमधून स्वतःचं नाव शोधून काही कळणार नाही. आपल्याला आपली माहिती काही वेळा इतरांपेक्षा जास्त दिसते. दुसऱ्या विभागातल्या, जमलं तर दुसऱ्या कंपनीतल्या सहकाऱ्याला त्याच्या मशीनवर तुमचं नाव शोधायला सांगा. आउटलुकमध्ये नावावर माउस नेऊन क्षणभर थांबलं की कार्ड उघडतं. ते पूर्ण उघडून खालपर्यंत बघा. वर हुद्दा आणि विभाग असतो, नंबर बऱ्याचदा त्याच्या खाली असतात. जीमेल वापरत असाल तर गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये डाव्या बाजूच्या 'डिरेक्टरी'त नाव शोधा. टीम्स असेल तर तिथलं कार्डही वेगळं उघडून बघा.

मी तर नंबर कुठेच टाकला नव्हता. मग तो आला कुठून?

बहुतेक वेळा जॉइनिंग फॉर्मवरून. तुम्ही पहिल्या दिवशी एचआरला फॉर्म भरून देता, त्यात मोबाइल, घरचा फोन, पत्ता, आणीबाणीत कुणाला कळवायचं त्यांचा नंबर, सगळं असतं. एचआर ते पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवतं. मग कुणीतरी सोयीसाठी ते सॉफ्टवेअर मेल सिस्टिमला जोडून देतं, म्हणजे नवीन माणसाचा मेलबॉक्स आपोआप तयार होईल. जोडताना कुठला रकाना कुठे जाणार हे ठरवावं लागतं. तिथे 'मोबाइल'समोर 'मोबाइल' असं जुळवलं गेलं की काम झालं: पगारासाठी दिलेला नंबर रात्रीतून अख्ख्या ग्रुपच्या डिरेक्टरीत.

आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. कुणाचा वाईट हेतू नव्हता. जुळवणीच्या पडद्यावर अडतीस रकाने होते आणि ते काम करणाऱ्या मुलाने नावं जुळतील तसे ते जोडत नेले.

दुसरा रस्ता म्हणजे ॲडमिनने एक्सेल शीटवरून एकदम सगळे युजर चढवणं. तिसरा रस्ता तुम्ही स्वतः: एक्स्चेंज या मायक्रोसॉफ्टच्या मेल सिस्टिमच्या नेहमीच्या मांडणीत कर्मचाऱ्याला वेबवरच्या आउटलुकमधून आपला फोन आणि पत्ता भरायची परवानगी असते, आणि 'तुमची प्रोफाइल पूर्ण करा' असं दिसलं की आपण भरून मोकळे होतो.

एवढं काय बिघडतं? नंबर तर व्हिजिटिंग कार्डावरही असतो.

व्हिजिटिंग कार्ड तुम्ही स्वतःच्या हाताने देता, समोरच्याचा चेहरा बघून. आणि कार्ड सेल्सवाल्यांकडे असतं. पॅकिंगच्या लाइनवर बसणाऱ्या मुलीकडे ते नसतं, तिचा नंबर मात्र डिरेक्टरीत असतो.

या कामाकडे मी गंभीरपणे बघायला लागलो ते एका संध्याकाळपासून. डिस्पॅचमधली एक मुलगी आमच्या केबिनच्या दारात येऊन उभी राहिली. हातातला फोन तिने उलटा धरला होता, स्क्रीन तळव्याकडे. म्हणाली, "सर, माझा नंबर आपल्या सिस्टिममधून काढता येईल का?" कारण विचारल्यावर तिने फोन सरळ केला. दुसऱ्या कंपनीतल्या, तिने कधी न पाहिलेल्या एका माणसाचे मेसेज होते. आधी 'हाय', मग 'ओळखलं नाही का', मग रात्री सव्वाअकराला 'नालासोपाऱ्याला कुठली लोकल पकडता?' ती नालासोपाऱ्याला राहते हे त्याला कसं कळलं, तर डिरेक्टरीत घरच्या पत्त्याचा रकानाही भरलेला होता. मी तिच्यासमोरच कार्ड उघडलं. एका क्लिकवर नाव, फोटो, मोबाइल, घरचा पत्ता. ती काहीच बोलली नाही, फक्त स्क्रीनकडे बघत राहिली. तिची तक्रार रीतसर लैंगिक छळाच्या तक्रारी घेणाऱ्या अंतर्गत समितीकडे गेली. पण तो रकाना रिकामा ठेवणं हे माझं काम होतं आणि ते मी केलं नव्हतं.

दुसरा धोका बाहेरून येतो. कुणा एकाचा पासवर्ड चोरीला गेला की चोराला त्याच्या मेलसोबत अख्खी ग्लोबल ॲड्रेस लिस्ट, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांची यादी, मिळते. कोण कुणाच्या हाताखाली आहे, अकाउंट्समध्ये कोण बसतं, कुणाचा मोबाइल कोणता, हे सगळं. मग साहेबांचा फोटो लावलेल्या अनोळखी व्हॉट्सॲप नंबरवरून 'मी मीटिंगमध्ये आहे, हे पेमेंट लगेच करून टाक' असा मेसेज येतो. मुंबईतल्या अकाउंट्सवाल्यांना हा प्रकार आता तोंडपाठ आहे. असे पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

मग सगळ्यांनाच यादीतून लपवून टाकलं तर प्रश्नच मिटेल ना?

नाही. माणूस दिसला पाहिजे. यादीत नाव, हुद्दा, विभाग, ऑफिसचा ईमेल आणि एक्स्टेन्शन एवढं असलंच पाहिजे, नाहीतर विक्रोळीच्या माणसाला फोर्टच्या माणसापर्यंत पोहोचताच येणार नाही. मग लोक स्वतःच्या याद्या करायला लागतात. कुणीतरी एक्सेल शीट बनवतं, ती व्हॉट्सॲपवर फिरते, आणि तिच्यात डिरेक्टरीपेक्षा जास्त माहिती असते. ती शीट परत गोळा करणं कुणालाच शक्य नसतं.

म्हणून नियम साधा ठेवा: लपवायचा तो रकाना, माणूस नाही. अख्खा माणूस लपवण्याची गरज मोजक्याच ठिकाणी पडते. कुणाला धमक्या येत असतील, कुणी घरगुती छळातून बाहेर पडून नवीन पत्त्यावर राहत असेल, किंवा मेलबॉक्स माणसाचा नसून एखाद्या यंत्रणेचा असेल, तेव्हा. अशी विनंती आली की कारणांची चौकशी करत बसू नका, आधी लपवा.

मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा एक्स्चेंजमध्ये फक्त मोबाइल नंबर कसा लपवायचा?

ॲडमिन लोक सगळ्यात जास्त इथे अडकतात, म्हणून सविस्तर लिहितो.

कार्डावरचा मोबाइल तेवढा झाकायचं सोपं बटण मिळेल या आशेवर मी दोन दिवस घालवले. तुम्ही घालवू नका. पक्का उपाय एकच, रकाना रिकामा करणं. जी माहिती डिरेक्टरीत नाहीच, ती कुठल्याही कार्डावर, कुठल्याही ॲपमध्ये, कुठल्याही क्वेरीत येणार नाही.

पण रिकामा करण्याआधी माहितीचा उगम शोधा. तुमच्या ऑफिसात अजून स्वतःची ॲक्टिव्ह डिरेक्टरी (ऑफिसातल्या सर्व्हरवरची सगळ्या युजरची नोंद) असेल आणि तिथून माहिती आपोआप क्लाउडकडे जात, म्हणजे सिंक होत असेल, तर क्लाउडमध्ये हे रकाने बदलताच येत नाहीत. मूळ सर्व्हरवरच बदलावे लागतात. माणूस लपवण्याची खूणही अशा मांडणीत सहसा तिथेच करावी लागते. एचआरच्या सॉफ्टवेअरमधून माहिती येत असेल तर आधी ती जुळवणी तोडा. नाहीतर तुम्ही शुक्रवारी पुसलेले नंबर सोमवारी सकाळी पुन्हा जागेवर आलेले दिसतील. आमचे आले होते.

त्यानंतर कर्मचाऱ्यांना स्वतः नंबर भरू द्यायचा की नाही ते ठरवा. एक्स्चेंजमध्ये 'रोल असाइनमेंट पॉलिसी' असते, कर्मचाऱ्याला स्वतः काय बदलता येईल ते ती ठरवते. तिच्यातला 'माय कॉन्टॅक्ट इन्फर्मेशन' हा भाग काढला की फोन आणि पत्ता भरायची सोय बंद होते. मी ती पूर्ण बंद केली नाही. सेल्सच्या लोकांना नंबर दिसायला हवाच असतो, त्यांच्यासाठी वेगळी पॉलिसी ठेवली. बाकीच्यांना हवा असेल तर ते आमच्याकडे मेल करतात आणि आम्ही टाकून देतो. मागणी माणसाकडून यावी, एवढंच त्यामागे आहे.

अख्खा मेलबॉक्स लपवायचा असेल तर ते सोपं आहे. एक्स्चेंज ॲडमिन सेंटरमध्ये त्या मेलबॉक्ससमोर 'हाइड फ्रॉम ग्लोबल ॲड्रेस लिस्ट' ही खूण करायची. पॉवरशेलवाल्यांसाठी, म्हणजे कमांड लिहून काम करणाऱ्यांसाठी, तीच गोष्ट 'हिडन फ्रॉम ॲड्रेस लिस्ट्स एनेबल्ड' या नावाने आहे.

आमच्या चार कंपन्या एकाच सिस्टिमवर आहेत. एकीची यादी दुसरीला दिसू नये असं करता येतं का?

येतं. त्यासाठी 'ॲड्रेस बुक पॉलिसी' आहे, ती एक्स्चेंज २०१० च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून मिळते. प्रत्येक पॉलिसीत चार गोष्टी भरायच्या: त्या गटासाठीची ग्लोबल यादी, ऑफलाइन ॲड्रेस बुक (मशीनवर उतरणारी प्रत), मीटिंग रूम्सची यादी आणि एक किंवा जास्त ॲड्रेस लिस्ट. मग प्रत्येक मेलबॉक्सला एक पॉलिसी लावायची. त्या मेलबॉक्सला तेवढंच ॲड्रेस बुक दिसतं.

दोन ठिकाणी हमखास ठेच लागते. ऑनलाइन एक्स्चेंजमध्ये 'ॲड्रेस लिस्ट्स' हा रोल (म्हणजे परवानगी) सुरुवातीला कुणालाच दिलेला नसतो, सगळ्यात वरच्या ॲडमिनलासुद्धा नाही. तो स्वतःला दिल्याशिवाय पॉलिसी बनवायच्या कमांड सापडतच नाहीत, आणि माणसाला वाटतं आपल्या प्लॅनमध्ये ही सोयच नाही. दुसरं म्हणजे नवीन यादी केली की जुने युजर तिच्यात आपोआप येत नाहीत. त्यांच्या एखाद्या रकान्यात काहीतरी बदल करावा लागतो, तेव्हा सिस्टिम त्यांना नव्याने तपासते. आम्ही प्रत्येकाच्या एका मोकळ्या कस्टम रकान्यात कंपनीचा सांकेतिक शब्द भरला. त्यामुळे कोण कुठल्या यादीत जाणार हे ठरवणारी गाळणीही तयार झाली आणि युजर नव्याने तपासलेही गेले.

टीम्स वापरत असाल तर तिथेही वेगळी खूण करावी लागते. टीम्स ॲडमिन सेंटरच्या सेटिंगमध्ये शोध ॲड्रेस बुक पॉलिसीपुरता मर्यादित करायचा पर्याय आहे. तो सुरू केला नाही तर आउटलुकमध्ये न दिसणारा माणूस टीम्समध्ये दिसत राहतो.

म्हणजे ही भिंत झाली का?

नाही, आणि हे साहेबांना स्पष्ट सांगा. हा पडदा आहे. ज्याला समोरच्याचा ईमेल माहीत आहे तो मेल पाठवू शकतोच. आतल्या नेटवर्कवरून थेट ॲक्टिव्ह डिरेक्टरीला विचारणा करता येत असेल तर पडद्यामागचंही दिसतं, कारण तिथे लॉगिन केलेल्या कुणालाही इतरांचे बरेचसे रकाने वाचायची मुभा सुरुवातीपासूनच असते. दोन कंपन्यांमध्ये खरोखर भिंत हवी असेल, म्हणजे उद्या एक विकायची आहे किंवा कायद्यानेच वेगळं राहायचं आहे, तर मेल सिस्टिम वेगळ्या करा. पडद्यावर भागवू नका.

गूगल वर्कस्पेसमध्ये काय करायचं?

इथे पायऱ्या कमी आहेत. ॲडमिन कन्सोलमध्ये 'डिरेक्टरी', मग 'डिरेक्टरी सेटिंग्ज'. तिथे कॉन्टॅक्ट शेअरिंग सुरू-बंद करता येतं आणि कुणाला कोण दिसावं हेही ठरवता येतं: सगळे, कुणीच नाही, किंवा 'कस्टम डिरेक्टरी'तले लोक. कस्टम डिरेक्टरी म्हणजे तुम्ही निवडलेल्या युजरची किंवा गटांची यादी. ती ऑर्गनायझेशनल युनिटला, म्हणजे युजरच्या एकेका विभागाला, लावायची. चार कंपन्यांची चार युनिट असतील तर अर्ध्या दिवसाचं काम आहे.

एका माणसाला लपवायचं तर त्याच्या युजर माहितीत डिरेक्टरी शेअरिंग बंद करा. रकान्यांपुरतं बोलायचं तर कस्टम रकान्यांना दोन पातळ्या असतात, एक सगळ्या संस्थेला दिसणारी, दुसरी फक्त तो युजर आणि ॲडमिन यांना दिसणारी. आणीबाणीचे नंबर सिस्टिममध्ये ठेवायचेच असतील तर ते या दुसऱ्या पातळीवर ठेवा, नेहमीच्या फोनच्या रकान्यात नको. बदल पसरायला चोवीस तासांपर्यंत लागू शकतात, त्यामुळे लगेच दिसलं नाही म्हणून पुन्हा पुन्हा सेटिंग उलटसुलट करू नका.

आम्ही झिम्ब्रा या मेल सिस्टिमवर आहोत.

झिम्ब्रामध्ये प्रत्येक खात्याला ग्लोबल यादीतून लपवायची खूण आहे. क्लास ऑफ सर्व्हिसमधून (खात्यांच्या गटासाठीच्या सेटिंगमधून) एखाद्या गटाला ती यादीच दिसू नये असंही करता येतं. तत्त्व तेच.

नंबर पुसून दोन दिवस झाले, तरी शेजाऱ्याच्या आउटलुकमध्ये जुना नंबर दिसतोच आहे. असं का?

आउटलुक दर वेळी सर्व्हरला विचारत नाही. ते ॲड्रेस बुकची एक प्रत मशीनवर उतरवून ठेवतं आणि साधारण दिवसातून एकदा ताजी करतं. मशीन बंद राहिलं, लॅपटॉप सुट्टीवर घरी गेला, की ती प्रत शिळी राहते. आउटलुकच्या 'सेंड अँड रिसीव्ह'मधून ॲड्रेस बुक पुन्हा उतरवायला सांगितलं की बहुतेक वेळा काम होतं.

नाव टाइप करताना खाली जी सूचना येते ती मात्र वेगळी. ती तुम्ही आधी ज्यांना मेल केलात त्यांच्या आठवणीतून येते, ॲड्रेस बुकमधून नाही. लपवलेला माणूस तिथे दिसतच राहणार. नावाशेजारच्या फुलीवर क्लिक केलं की ती सूचना जाते, पण ते ज्याचं त्याने करायचं.

आणि जिने तुमचा नंबर एकदा फोनमध्ये सेव्ह केला, तिच्या फोनमधून तो आम्ही पुसू शकत नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, त्रास व्हायची वाट बघू नका. आजच रकाना बघा.

मला यादीतून लपवलं तर माझे मेल बंद होतील का?

अजिबात नाही. मेल येतात, जातात, मीटिंगची आमंत्रणं येतात. फक्त शोधल्यावर नाव येत नाही.

ओटीपीसाठी दिलेला नंबर पण सगळ्यांना दिसतो का?

नाही, आणि ही भीती फार जणांना असते म्हणून मुद्दाम लिहितो. दोन टप्प्यांच्या पडताळणीसाठी दिलेला नंबर वेगळ्या जागी असतो. मायक्रोसॉफ्टमध्ये तो पडताळणीच्या माहितीत, गूगलमध्ये तुमच्या खात्याच्या सुरक्षेच्या भागात. तो डिरेक्टरीच्या कार्डावर येत नाही. नंबर दिसेल या भीतीने पडताळणी बंद ठेवू नका. ती बंद राहिली तर वर सांगितलेला चोर आत यायला मोकळा होतो. नंबर द्यायचाच नसेल तर ऑथेंटिकेटर ॲप वापरा.

ग्रुप मेलमधून सगळ्यांचे पत्ते बाहेर जातात, त्याचं काय?

इथे हात सांभाळायला हवेत. तीनशे जणांना मेल करताना 'टू' किंवा 'सीसी'त सगळे पत्ते टाकले की प्रत्येकाला बाकीच्यांचे पत्ते मिळतात, आणि त्यातला एक जण बाहेरचा व्हेंडर असला की ते कंपनीबाहेर गेले. बाहेरच्यांना एकत्र मेल करायचा असेल तर 'बीसीसी', त्यात एकमेकांचे पत्ते दिसत नाहीत. आतल्यांसाठी ग्रुपचा पत्ता वापरा, आणि ॲडमिनने त्या ग्रुपवर मेल टाकायची परवानगी मोजक्या लोकांना द्यावी.

ग्रुपमध्ये कोण कोण आहे हेही काही वेळा दिसू नये. एखादी आजारपणाच्या मदतीची योजना असेल, तर तिच्या ग्रुपची सदस्ययादी म्हणजे कोण आजारी आहे याची यादी. मायक्रोसॉफ्ट ३६५ गटात सदस्य लपवायची सोय गट तयार करतानाच निवडावी लागते. नंतर ती बदलता येत नाही. आधी विचार करा, मग गट बनवा.

पावसाळ्यात काय? नंबर नसले तर माणसं शोधायची कशी?

हा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मी कॉलेजात होतो. बाबा लोअर परळच्या ऑफिसातून निघाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी भांडुपला घरी पोहोचले, बहुतेक रस्ता चालत. त्या रात्री फोन लागत नव्हते, आणि त्यांच्या ऑफिसात आमच्या घराचा नंबर कुणाकडे आहे हेही आईला माहीत नव्हतं. नंबर हाताशी असण्याची किंमत मला घरातूनच माहीत आहे.

पण त्या रात्री आईला एका माणसाचा नंबर हवा होता, अकराशे जणांनी तो रोज बघावा असं काही नव्हतं. म्हणून आम्ही साखळी केली आहे. प्रत्येक टीमच्या प्रमुखाकडे आपल्या आठ-दहा जणांचे नंबर, ज्याने त्याने स्वतः दिलेले. प्रमुखांचे नंबर विभागप्रमुखाकडे. पूर्ण यादी एचआरच्या दोन जणांकडे आणि एक छापील प्रत सिक्युरिटी डेस्कवर बंद पाकिटात, कारण लाइट आणि नेट गेल्यावर स्क्रीनवरची यादी कुणाच्या कामाची? पाकीट दर मेअखेर बदलतो, पावसाच्या आधी. जुनं फाडून टाकतो. भरतीची वेळ आणि जोराचा पाऊस एकत्र आला की साखळी सुरू होते. गेल्या पावसाळ्यात दोनदा वापरली, आणि डिरेक्टरीत शोधाशोध करण्यापेक्षा लवकर सगळे सापडले.

साहेबांचे नंबर आधी लपवा असं वरून आलं आहे. मग बाकीच्यांचं?

साहेबांच्या नंबरचा गैरवापर होतो हे खरं आहे, लपवा. पण मी वरच्यांना एवढंच सांगितलं की साहेबांकडे फोन उचलायला सेक्रेटरी असते, गेटवरच्या सुपरवायझरकडे कुणी नसतं. नियम खालपासून लागू झाला तरच तो नियम. त्यांनी ते मान्य केलं.

लपवायचेच नाहीत असे कुणाचे नंबर आहेत का?

आहेत. लैंगिक छळाच्या तक्रारी घेणाऱ्या अंतर्गत समितीच्या सदस्यांची माहिती सगळ्यांना दिसलीच पाहिजे. २०१३ चा कायदा समितीच्या नेमणुकीचा आदेश कामाच्या ठिकाणी ठळकपणे लावायला सांगतो. समितीचा वेगळा ईमेल आणि ऑफिसने दिलेला वेगळा मोबाइल ठेवा, म्हणजे सदस्यांचे स्वतःचे नंबर द्यावे लागत नाहीत. प्रथमोपचार, आग आणि सिक्युरिटी डेस्क यांचंही तसंच. चार कंपन्यांमध्ये पडदे लावताना हे पत्ते प्रत्येक यादीत आहेत ना, हे स्वतः उघडून बघा. आमच्या पहिल्या प्रयत्नात भिवंडीच्या लोकांना समिती दिसतच नव्हती.

एचआर म्हणतं, जॉइनिंग फॉर्मवर सही आहे, म्हणजे परवानगी आहे.

सही कशासाठी आहे ते वाचा. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. नोकरीच्या कारणासाठी कर्मचाऱ्याची माहिती वापरायला या कायद्यात जागा आहे. पण पगार आणि पीएफसाठी घेतलेला नंबर चार कंपन्यांतल्या प्रत्येकाला दाखवणं हे नोकरीचं कारण कसं होतं, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. माहिती जपण्यासाठी वाजवी काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. आणि माहिती दुरुस्त करून किंवा पुसून मागायचा हक्क ज्याची माहिती आहे त्याला आहे.

एचआरशी भांडू नका. आम्ही फॉर्मवरच एक ओळ वाढवली: 'माझा मोबाइल नंबर ऑफिसच्या डिरेक्टरीत दाखवावा: हो / नाही'. बहुतेक जण 'नाही'वर खूण करतात. काही जण 'हो' म्हणतात, त्यांचे दिसतात.

बाहेरची ॲप्स आपली यादी वाचतात का?

परवानगी दिली तर वाचतात. मीटिंगचं ॲप, सर्व्हेचं ॲप, सही जोडणारं ॲप, अशी कितीतरी 'सगळ्या युजरची प्रोफाइल वाचण्याची' परवानगी मागतात आणि आपण 'अलाऊ' दाबतो. ॲडमिनने कर्मचाऱ्यांना अशी परवानगी स्वतःहून देता येऊ नये असं करून ठेवावं, आणि आधी दिलेल्या परवानग्यांची यादी एकदा बसून बघावी. आमच्या यादीत तीन वर्षांपूर्वी बंद केलेल्या ॲपची परवानगी सुरूच होती.

कुणी नोकरी सोडली तर?

शेवटच्या दिवशी मेलबॉक्स यादीतून लपवा, मोबाइल आणि पत्त्याचे रकाने पुसा, मेल पुढे पाठवायचा असेल तर तो व्यवस्थापकाकडे वळवा. मेलबॉक्स ठेवायची मुदत संपेपर्यंत कार्ड तसंच ठेवू नका.

दिवाळीला सगळ्यांच्या घरी फराळाचं पार्सल पाठवायचं आहे. कुरिअरवाल्याला डिरेक्टरी एक्सपोर्ट करून देऊ का?

डिरेक्टरीतून नको. हा प्रश्न दर ऑक्टोबरला येतो आणि विचारणाऱ्याच्या मनात चांगलंच असतं. एक छोटा फॉर्म फिरवा: पार्सल घरी हवं की ऑफिसात. ज्यांनी घरी म्हटलं त्यांचेच पत्ते, नाव आणि पिन कोडसह, पासवर्ड लावलेल्या फाइलमध्ये द्या. हुद्दा, विभाग, ईमेल यांची कुरिअरला गरज नसते. मोबाइल त्यांना लागतोच, कारण डिलिव्हरीचा मुलगा इमारतीखाली उभा राहून फोन करतो. तो फॉर्ममध्ये वेगळा विचारा, ज्याला नको त्याचं पार्सल ऑफिसात ठेवा. शेवटचं पार्सल पोहोचलं की फाइल पुसल्याचा मेल त्यांच्याकडून मागून घ्या, आणि आपल्याकडची प्रतही त्याच दिवशी पुसा. मागच्या वर्षी डिस्पॅचच्या त्या मुलीने फॉर्मवर 'ऑफिसात' असं लिहिलं होतं. तिचा डबा मी तिच्या टेबलावर नेऊन ठेवला.